दारात उभी गाडी

बाबा, "उभी गाडी दारात बरी नाय दिसत," असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणालात आईला, पण ऐकलं आम्ही दोघा भावंडांनी. इतक्या वर्षांत तुमचा आवाज नक्की कसा होता ते मला धड आठवत नाही, हे वाक्य मात्र तसंच्या तसं आठवतं, त्यातल्या त्या "नाय"सकट.

उन्हाळ्याचे दिवस होते. तुम्ही चालवायचात तो शेटचा ट्रक बरेच दिवस आपल्या सापगावच्या घरासमोर उभा होता, कारण भाडंच मिळत नव्हतं. तुम्ही रोज सकाळी काचा पुसायचात, चाकांवर हात मारून बघायचात आणि ओट्यावर येऊन बसायचात. समोरचे म्हातारबाबा त्यांच्या ओट्यावरून, गाडी कधी हलणार, हा एकच प्रश्न रोज वेगळ्या शब्दांत विचारायचे. एके दिवशी म्हणाले, "काय ड्रायव्हर, गाडीला बाळंतपण आलंय का?" सगळी आळी हसली. तुम्हीही हसलात. त्याच दुपारी आईनं ट्रकच्या हौद्यात लाल मिरच्या वाळत घातल्या. तिचं काही चुकलं नव्हतं. अंगणात कोंबड्या होत्या, हौद्यात त्या पोचत नव्हत्या आणि वर ऊनही चांगलं लागत होतं. तुम्ही हौद्याचा मागचा फाळका उघडलात आणि खराट्यानं सगळ्या मिरच्या खाली लोटल्यात. आम्ही शिंकत होतो, आई खोकत होती आणि तुम्ही म्हणत होतात, "ही गाडी हाय, खळं नाय." मग खराटा टाकून, एकदम आवाज खाली आणून, ते वाक्य म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगात ताप होता. तरी तुम्ही गेलात. बाकीच्या ड्रायव्हरांनी नाकारलेलं कसलंतरी भंगाराचं भाडं होतं. आईनं त्याच मिरच्यांचा ठेचा आणि तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तेव्हा म्हातारबाबांनी आईला मान डोलावून दाखवली, म्हणजे आता सगळं ठीक आहे. आईचा चेहरा मी बघत होते. तिला बरं वाटलं होतं. तापात गेलेल्या नवऱ्याच्या काळजीपेक्षा दार मोकळं झाल्याचं समाधान तिच्या तोंडावर आधी उमटलं, आणि यासाठी मी तिला नाही, तुम्हाला जबाबदार धरते.

मला तुमचा राग येतो, बाबा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता खरं तर मऊ काहीतरी लिहायला हवं. इंदूरहून तुम्ही आणायचात ती शेव, तिच्या पुडीचा वास, मला स्टिअरिंगसमोर बसवून हॉर्न वाजवू द्यायचात ते, हे सगळं आठवतं. पण गेल्या गुरुवारपासून मी या रागाखेरीज दुसरं काही लिहूच शकत नाही.

गुरुवारी वाशिंदला माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मुरबाडहून जाताना मी वाटेत सापगावला उतरले. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. धाकटा कुठे आहे विचारलं तर म्हणाली, भाडं घेऊन इंदूरकडे गेलाय, काल फोन होता, तिकडे ऊन फार आहे म्हणाला. घरासमोरची जागा रिकामी होती. मी चहा घेतला आणि पुढे गेले.

मैत्रिणीचं घर चौथ्या मजल्यावर. जेवणं झाल्यावर ती मला गॅलरीत घेऊन गेली आणि इथून डोंगर कसा दिसतो ते दाखवू लागली. मी खाली बघत होते. हायवेला लागून एक बंद पडलेला ढाबा आहे, त्याच्या मागे एक ट्रक उभा होता, असा की रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू नये. वरून मात्र दिसत होता. त्याच्या हौद्यावर ताडपत्री ओढलेली होती आणि ताडपत्रीच्या मधोमध एक निळं ठिगळ होतं. ते ठिगळ मी ओळखलं. मागच्या पावसाळ्याआधी आईनं ते दाभणानं शिवलं तेव्हा ताडपत्रीचं दुसरं टोक मीच धरलं होतं. कुणाच्यातरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा आहे तो, त्यावर अर्धा चेहरा आणि जोडलेले हात आहेत. चौथ्या मजल्यावरून ते जोडलेले हातसुद्धा मला दिसले.

मी खाली गेले. तुमचा मुलगा ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसला होता, कांदा चिरत. मला बघून आधी उठला, मग पुन्हा बसला. "तू इथं कशी?" म्हणाला. मी म्हटलं, इंदूर फार जवळ आलं रे. तो हसला नाही.

मग हळूहळू सांगत गेला. आठवडा उलटून गेला होता, तो तिथेच होता. घरातून भाडं आहे म्हणून निघाला, दहा-बारा मैलांवर येऊन थांबला. माल कमी झालाय आणि गाड्या तेवढ्याच आहेत. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नंबर लावायचा, तो पुढे सरकत नाही, आणि सरकला की कुणीतरी आणखी कमी दरात माल उचलतो. शेटनं, म्हणजे तुमच्या शेटच्या मुलानं, महिन्याचा पगार बंद केलाय. आता फक्त फेरीचे पैसे. गाडी उभी असेल ते दिवस बिनपगारी, पण गाडी सोडून जायचंही नाही, कारण बॅटरी किंवा डिझेल चोरीला गेलं तर भरपाई ड्रायव्हरनं करायची. मिळालंच भाडं तर गोदामाच्या दारात दिवस दिवस थांबायचं. तुमच्या वेळी गोदामं पत्र्याची होती, आता त्यांना चकचकीत गेट आहेत, कॅमेरे आहेत, आत संडास आहेत, आणि ड्रायव्हरला आत सोडत नाहीत. ड्रायव्हरनं रस्त्यापलीकडच्या रानात जायचं. तुमचंच रान, बाबा. कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं की दिवसाला पाणी किती पिता. तेव्हा तुम्ही हसून म्हणाला होतात, "पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते, डाक्टर." तुमच्या किडन्या तोवर गेल्या होत्या. तुमच्या तेराव्याला शेट आला, आईच्या हातात साडी दिली आणि याच्या हातात किल्ली. तेव्हा याला नीट मिशाही फुटल्या नव्हत्या.

मी विचारलं, घरी का नाही आणलीस गाडी? दारात एवढी जागा आहे, आईच्या हातचं गरम जेवला असतास.

"दारात लावली तर गाव इचारतं," तो म्हणाला. "इथं बरं हाय. शेजारी कुत्रा हाय, तो नाय इचारत भाडं कधी लागणार म्हणून." मग कांद्याकडे बघत म्हणाला, "आणि बाबा काय बोलायचे ते इसरलीस का तू? आईला सांगू नको हां, ताई."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शेट होता. भिवंडीहून माल उचलून नाशिकला टाकायचा, परतीचं भाडं ज्याचं त्यानं बघायचं. डिझेलसाठी एक रक्कम ठरलेली, त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचं. या खेपेला फेरीचे वेगळे पैसे नाहीत. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. शेटचं बोलणं संपायच्या आत हा "हो शेट, निघतो शेट" म्हणाला. मी त्याला विचारलं, एवढ्या डिझेलात जाऊन येणार कसा? तो स्टोव्ह विझवू लागला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "घाटात वाचतं."

ते कसं वाचतं हे मला कळायला एक क्षण लागला. मी ड्रायव्हरची मुलगी आहे, तरी लागला. नाशिककडून भरल्या गाडीनं कसारा घाट उतरताना गियर काढून टाकायचा. गाडी आपल्या वजनानं धावत खाली येते, डिझेल जळत नाही. पण मग तिला धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतात, आणि ते तापत तापत कधी धरेनासे होतील हे उतरणाऱ्यालाही कळत नाही. याच घाटात तुम्ही त्याला शेजारी बसवून शिकवलं होतंत, ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर, घाई असेल तरी. मी मागच्या बाकड्यावर होते. मी त्याला त्या शिकवणीची आठवण करून दिली. "ठाऊक हाय गो," तो म्हणाला, "पण सगळेच सोडतात आता."

तुम्ही त्याला दोन गोष्टी शिकवल्यात, बाबा. गियर सोडू नको, आणि गाडी उभी ठेवू नको. अशा मंदीत या दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. कुठली सोडायची हे त्यानं ठरवलंय.

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि शेटला परत लावला. शेटला म्हटलं, परतीच्या डिझेलचे पैसे द्या, नाहीतर हा जाणार नाही. शेट शांतपणे बोलला. मला ताई म्हणाला. मार्केटच डाऊन आहे, मी तरी काय घरातून घालू, माझ्याही गाड्यांचे हप्ते आहेत, असं म्हणाला. ते खोटं असेल असं मला वाटलं नाही. पण त्याचा तोटा आणि याचा जीव एकाच तराजूत कसे बसतात, ते मला कुणी सांगेल का? मी तसंच विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमच्या बाबांनी एवढी वर्षं गाडी चालवली. एकदासुद्धा असं विचारलं नाही. खरा माणूस होता."

तो खरं बोलत होता. तुम्ही कधी विचारलं नव्हतंत. तापात विचारलं नाहीत, लघवीतून रक्त जाऊ लागलं तेव्हा विचारलं नाहीत. तुम्ही गप्प राहिलात ते आमच्यासाठी, असं आई अजून सांगते. असेलही. पण तुमचं ते गप्प राहणं शेटच्या घरानं नीट जपून ठेवलंय आणि आज तुमच्या मुलासमोर काढून दाखवलंय. तुम्ही सोसलंत ते तुमच्याबरोबर संपलं नाही. त्याचाच आता दर झालाय.

भावानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "तिचं मनावर घेऊ नका शेट, ती मास्तरीण हाय," असं म्हणाला आणि कसनुसं हसला. अगदी तुमच्यासारखं, त्या बाळंतपणाच्या दिवसासारखं. मी त्याला सांगितलं की नाही म्हण, घरी चल, थोडे दिवस माझ्या पगारात भागवू. तो ताडपत्री ओढत म्हणाला, "मी नाय बोललो तर किल्ली दुसऱ्याच्या हातात. तो पण सोडणारच घाटात." अर्धवट चिरलेला कांदा त्यानं कुत्र्याच्या दिशेनं फेकला, कुत्र्यानं हुंगून सोडून दिला. जाताना हॉर्न वाजवला नाही. मी संध्याकाळी आईला फोन केला आणि इंदूरला ऊन फार आहे म्हणाले.

आज रविवार आहे. सकाळी त्याचा फोन आला. नाशिकला दोन दिवस भाड्यासाठी थांबला, आता कांद्याचं मिळालंय, गाडी भरतायत, दुपारनंतर निघेन. आवाज खुशीत होता. मी एवढंच विचारलं की घाट कसा उतरणार. "बघू," म्हणाला. तेव्हापासून मी मुरबाडच्या या घरात वह्या तपासायला घेऊन बसले आहे आणि तुम्हाला लिहिते आहे. फोन उताणा ठेवलाय. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच इतकं बोलता येतंय. तुम्ही समोर असतात तर मी चहा टाकला असता आणि गप्प बसले असते. तेही तुमच्याकडूनच शिकले.

आणि एक सांगायचं राहिलंय. गुरुवारी सकाळी मी सापगावला उतरले, घरासमोरची जागा रिकामी दिसली, तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. गाडीला काम आहे, चला. आईसारखंच, म्हातारबाबांसारखंच. म्हणजे तुमचं वाक्य एकट्या भावात नाही. मी ते त्याच्या डोक्यातून काढायला गेले तर आधी माझ्यातून निघायला हवं, आणि ते निघत नाही. ते ज्यानं घातलं त्यानंच काढावं.

तुम्ही शब्द मागे घेणारे नव्हतात, शेवटच्या आजारातही एकही घेतला नाहीत. तरीही मागते. दुपार कललीय, आता तो कसारा घाटाच्या तोंडाशी आला असेल. त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसा, बाबा, आणि एकदाच त्याला सांगा, की गाडी घरी आण, दारात लाव, उभी राहू दे.