सोनगीरच्या मळ्यातला अमृतमहोत्सव

८ नोव्हेंबर २०२४, धुळे
दीपक जेवायला आला होता. नानाचा मुलगा, माझा भाचा, आता विधानसभेचा उमेदवार. खर्चाची मर्यादा चाळीस लाख. “एवढ्यात नुसतं डिझेल येतं, आत्या,” म्हणाला आणि हसला. माझंच वरण ओरपत. मी विचारलं, वरचे कोण देतं? “देणारे असतात.” पुण्य म्हणून देतात का? त्यावर त्याने ताक मागितलं.

१० नोव्हेंबर
किळस आली. स्वतःचीसुद्धा.

“मळ्यात घरचं जेवण आहे” म्हणून दीपकने सोनगीरला नेलं. तिथे मांडव, हजार-बाराशे माणसं, वरण-बट्टी. व्यासपीठावर माझा फोटो – ‘आदरणीय आत्यांचा अमृतमहोत्सव’. माझा जन्म जूनमधला. आणि मी एकाहत्तर वर्षांची आहे!

निवडणुकीचं पथक कॅमेरा घेऊन आलं. दीपक पुढे झाला – “साहेब, प्रचार कसला? आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस.” म्हणजे जेवण त्याच्या खर्चात धरायला नको. खांद्यावर शाल पडली, हातात सुरी आली. चारचौघांत भाच्याला खोटं कसं पाडायचं? कापला केक.

मळ्यात कामाला असणारी तानुबाई कानाशी म्हणाली, “अक्का, दर इलेक्शनले वाढदिवस करत जा. बट्टी झकास शे.”

१२ नोव्हेंबर
समोरच्या उमेदवाराने तक्रार केली. उद्या मला जन्मतारखेचा पुरावा घेऊन निवडणूक कार्यालयात जबाब द्यायचा आहे. दीपकचा हिशेब आधीच चाळीस लाखांच्या काठावर. त्यात ही ताटं धरली तर निवडून आला तरी प्रकरण कोर्टात जाणार.

नाना आला. “अक्का, एक सहीनं काम शे. वाढदिवस उशिरा केला, वय मोजाले चुकनूत म्हन. कोण देखस?”

मी देखते ना. पस्तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात लोकांच्या जन्मतारखा तपासल्या. एका दिवसाचा फरक असला तरी फॉर्म परत. नानाचासुद्धा केला होता. तेव्हा तो हसला होता. आज चहा न घेताच उठला.

१३ नोव्हेंबर
शाळेचा दाखला दिला – कॉन्व्हेंटमधल्या नन्सच्या वळणदार अक्षरातला. ४ जून १९५३. जबाबात लिहिलं – जेवण प्रचाराचं होतं, वाढदिवस नव्हता, केक कापला ही माझी चूक. सही केली. अक्षर नीट आलं.

नानाचा फोन बंद.

१६ नोव्हेंबर
समोरच्या पार्टीचा माणूस पैठणी घेऊन दारात. “ताई, उपकार झाले.” त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि दार लावलं. गल्लीभर खिडक्या उघड्या होत्या.

१७ नोव्हेंबर
दीपकच्या सभेत माझं नाव निघालं म्हणे. ‘घरभेदी.’

२० नोव्हेंबर
मतदान. ज्येष्ठांच्या रांगेत नाना माझ्या पुढेच. आठ दिवसांनी वळून बघितलं. वाटलं, आता शिव्या देईल. तर जवळ सरकला, आवाज खाली केला, अगदी आपुलकीने विचारलं, “किती दिले त्यांनी, अक्का?”

काही नाही, म्हटलं.

“माले तरी सांग.”