दहाव्या गावातलं टेबल

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. मावशी म्हणाली, "ती खोलीतून बाहेर येत नाही. ताटातलं चिवडते आणि उठते. आणि तुझं नाव काढलं की म्हणते, त्याला कुणी त्रास देऊ नका." त्याला त्रास देऊ नका! ताई, तू मला सणसणीत शिवी घातली असतीस तर बरं वाटलं असतं. तुझी सगळ्यात मोठी शिवी 'मठ्ठ', तीही चालली असती. हे पत्र मावशीच्या हातात दिलंय आणि तिला बजावलंय की तू शेवटपर्यंत वाचेपर्यंत तिनं तुझ्यासमोरून हलायचं नाही. मी स्वतः आलो असतो, पण तुझ्यासमोर उभा राहिलो की माझी वाचा बसते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

इकडची खबर आधी सांगतो. मी घर सोडलंय. तालमीच्या खोलीतच राहतो, भिंतींना लावलेल्या त्या काळ्या फोमच्या वासात. आपला बॅण्ड संपला. काडी आता बेस विकून एका शाळेत संगीत शिकवतो. पोरं त्याला 'सर' म्हणतात आणि तो मागे वळून बघतो, कोणाला हाक मारली म्हणून. ठोक्या माझ्याशी बोलत नाही. ड्रम न्यायला आला तेव्हा एकेक तुकडा उचलून जिना उतरला, सहा खेपा केल्या, मी मदतीला हात पुढे केला तर नुसता बाजूला झाला. सोळा वर्षं आम्ही चौघं, म्हणजे आम्ही तिघं आणि ती जुनी गाडी, एकत्र फिरलो. कुठल्याही रेकॉर्ड कंपनीच्या दाराशी गेलो नाही याचा केवढा तोरा होता मला!

त्या तोऱ्यामुळेच तर तो माणूस आम्हाला सापडला. किंवा आम्ही त्याला. तू त्याचं नाव 'गुळगुळीत' ठेवलंस, तेच लिहितो. आठवतं, पहिल्यांदा तो घरी आला तेव्हा तू म्हणालीस, "याच्यावर माशीसुद्धा घसरेल रे." आपण किती हसलो होतो. पण तो जे बोलला ते माझ्या वर्मी लागलं. आमचं ते एक गाणं महिन्याभरात दोन लाख लोकांनी ऑनलाइन ऐकलं आणि त्याचे जे पैसे आले त्यात गिटारच्या तारांचा एक संच आला, तोही स्वस्तातला. तो म्हणाला, "मधले सगळे काढून टाका. ऐकणाऱ्याच्या खिशातून थेट वाजवणाऱ्याच्या खिशात. आमचं डिजिटल नाणं त्यासाठीच आहे, आणि ठेवलं तर वाढतंही. तुम्ही स्वतंत्र आहात, लोक तुमचं ऐकतील." बारा गावांचा दौरा, गाडी त्यांची, साउंड त्यांचा, हॉटेल त्यांचं. आम्ही फक्त वाजवायचं, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर तासभर गावातल्या वादकांना, रसिकांना त्या नाण्याबद्दल सांगायचं. मोबाईलमध्ये ते नाणं ठेवायचं वॉलेट उघडून द्यायचं. मला खरंच वाटलं ताई, की हे आपल्यासारख्यांसाठी आहे. तेव्हा तरी मी खोटा नव्हतो. एवढं एक माझ्याकडे राहू दे.

तू मात्र विचारलं होतंस. आपल्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, हात पुसता पुसता. "या नाण्याच्या मागे काय आहे? उद्या कुणाला परत पाहिजे झालं तर कोण देणार? आणि त्याच्याकडे नसलं तर?" तीन प्रश्न. सत्तावीस वर्षं पोरांना गणित शिकवलेली बाई तू, तुला उत्तराआधी रीत लागते. आणि मी काय म्हणालो? "ताई, मी सगळी चौकशी केलीये." मी काहीही केली नव्हती. गुळगुळीतनं दिलेली रंगीत पुस्तिका चाळली होती, तीही निम्मी. तू माझ्याकडे क्षणभर बघितलंस आणि म्हणालीस, "तू केली आहेस ना, मग झालं." आई गेल्यावर मला वाढवलंस, माझी पहिली गिटार स्वतःच्या पहिल्या पगारातून आणलीस, पण तुझं एवढं साधं वाक्य मला जेवढं जड झालंय तेवढं दुसरं काही नाही.

गुळगुळीतच्या कंपनीनं कार्यक्रमानंतर माहितीच्या टेबलावर बसवायला दोन तरुण पाठवले होते. ते काय बोलायचे ते त्यांनाही कळत नसावं. तू नुकतीच निवृत्त झालेली, म्हणून दौऱ्यात आमच्याबरोबर होतीस; दुसऱ्या गावात सहज म्हणून खुर्ची ओढून बसलीस आणि तिसऱ्या गावापासून टेबल तुझंच झालं. मोठ्या कागदावर तू स्केचपेननं चार चौकोन काढलेस: पैसे इथून निघतात, इथे बदलतात, इथे राहतात, असे परत येतात. लोक गाण्याला टाळ्या वाजवायचे आणि तुझ्याशी बोलायला रांग लावायचे. वॉलेटची किल्ली असलेले ते बारा गुप्त शब्द तू प्रत्येकाला वहीत लिहायला लावायचीस आणि म्हणायचीस, "पाठ करू नका, पाठ केलेलं परीक्षेनंतर विसरतं." तक्त्याच्या खाली तुझा नंबर: अडलं तर फोन करा. आणि प्रत्येकाला न चुकता सांगायचीस की थोडेच टाका, गरजेचे टाकू नका. गुळगुळीतला ते आवडायचं नाही. मला अभिमान वाटायचा. स्टेजवरून तुझा पांढरा झालेला भांग दिसायचा आणि मी वरची पट्टी सहज लावायचो.

आता जे लिहायचं त्यासाठी मी तीन कागद फाडलेत.

आठव्या गावातला कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काडी मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. त्याला त्याच नाण्यात मिळालेल्या आपल्या मानधनातले थोडे काढायचे होते, बायकोच्या दवाखान्यासाठी. पैसे निघत नव्हते. स्क्रीनवर नुसतं 'प्रक्रिया सुरू आहे' असं यायचं. मी त्याला म्हटलं, नेटवर्क नसेल. मग हॉटेलच्या मागच्या अंगणात, धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या तिथे जाऊन मी गुळगुळीतला फोन लावला. त्यानं लपवलंसुद्धा नाही. म्हणाला, "परत देणं तूर्त बंद केलंय. बोभाटा झाला तर सगळे एकदम धावतील आणि मग खरंच बुडेल. चार गावं राहिलीत. नवे पैसे आले की गाडी रुळावर येईल. तुम्ही गात राहा. तुमचे तिघांचे आत्ताच्या आत्ता बँकेत टाकतो, साध्या पैशांत." दुपारपर्यंत टाकलेही. काडीला मी म्हणालो, बघ, म्हटलं होतं ना, नेटवर्क.

ताई, मला कळलं होतं. मला नीट, पूर्ण, तुझ्या चार चौकोनांइतकं स्वच्छ कळलं होतं की शेवटच्या चौकोनातून काहीच परत येत नाहीये. तरी मी गाडीत तुझ्या शेजारी बसलो. तू मला संत्रं सोलून दिलंस. मी खाल्लं.

दहाव्या गावात दुपारी साउंड लावताना माझा गिटारचा ॲम्प बंद पडला. तिथला तो दुरुस्तीवाला, ज्याच्या बोटांच्या टोकांना सोल्डरिंगच्या चटक्यांचे डाग होते, त्यानं अर्ध्या तासात तो चालू करून दिला. पैसे घेईना. म्हणाला, "तुमचं गाणं दुकानात लावून काम करतो मी, पैसे कसले घ्यायचे?" मग तो तुझ्या टेबलाशी गेला. बायकोच्या कानाच्या ऑपरेशनसाठी त्यानं पैसे साठवलेले होते. तिला ऐकू येत नाही म्हणाला, म्हणजे ती वरच्या घरातून खाली दुकानात येऊन हाका मारते आणि हा उत्तर देतो ते तिला कळत नाही. तू त्याला म्हणालीस, "दादा, ऑपरेशनचे नको. निम्मेसुद्धा नको." तो हसला, म्हणाला, "बाई, तुम्ही एवढं नीट समजावता, तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?" तो निम्म्यावर आला. तू अजून कमी कर म्हणालीस. मी दारात उभा होतो, दहा पावलांवर. हातात केबल होती. नुसतं "ताई, जरा इकडे ये" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी केबल गुंडाळत राहिलो. गुंडाळून झाली की सोडली आणि पुन्हा गुंडाळली. तोवर तू त्याला बारा शब्द सांगून लिहून घेत होतीस.

त्या संध्याकाळी मी चांगला गायलो. ही सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे, म्हणून लिहून ठेवतो. मी खरंच चांगला गायलो.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दौरा संपून बारा दिवस झाले आणि वेबसाइट गेली, गुळगुळीतचा फोन गेला, ऑफिसला कुलूप. लोकांकडे एकच नंबर होता, तक्त्याखालचा. तू प्रत्येक फोन उचललास. वही काढून प्रत्येकाचं नाव लिहिलंस, कुणाचं किती, आणि प्रत्येकाला म्हणालीस, "माझं चुकलं. मला समजायला हवं होतं." तुझ्या दारावर कुणीतरी काळ्या रंगानं 'चोर' लिहिलं आणि तू ते पुसलं नाहीस, शेजारणीनं पुसलं. निवृत्तीचे पैसे काढून तू त्या दुरुस्तीवाल्याला पाठवलेस, मग अकराव्या गावातल्या तुझ्या जुन्या विद्यार्थिनीला, मग आणखी कुणाला. काडीकडून मला हे कळलं. तुझा मला निरोप एकच आला होता: "तुझा दोष नाही रे. तू चौकशी केली होतीस. समजावताना मीच कमी पडले असेन." ताई, तो निरोप मी दिवसातून किती वेळा वाचतो हे सांगितलं तर तू पुन्हा मलाच जवळ घेशील, म्हणून सांगत नाही. मला जवळ घेऊ नकोस.

लोकांच्या तक्रारीवरून पोलिसांचा तपास सुरू झाला होता; मंगळवारी मी त्या तपास अधिकाऱ्याकडे गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. आठव्या गावानंतरचा फोन, बँकेत आलेले पैसे, सगळं सांगितलं, सही केली. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि एक फाईल माझ्यापुढे सरकवली. तुझा जबाब. तुझं गोल, टपोरं अक्षर, फळ्यावर असायचं तसं. 'टेबल मी चालवत होते. पैशांचे व्यवहार मी समजावले. माझ्या भावाला गाण्यापलीकडे काहीही माहीत नव्हते.' खाली सही. ते म्हणाले, "कुठलाही भाऊ बहिणीला वाचवायला हेच म्हणेल. तुमच्या खात्यात पैसे आले ते मानधन होतं, असंही म्हणता येईल. तो फोन तुमच्याशिवाय कुणी ऐकला नाही. आणि तुमच्या ताई खोटं बोलणाऱ्या वाटत नाहीत हो." मी टेबलावर हात आपटला, ओरडलो, रडलोसुद्धा. शिपायानं मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

सोमवारी ते तुला बोलावणार आहेत. एकच प्रश्न विचारतील: तुमच्या भावाला माहीत होतं का? तुझ्या उत्तरावर ठरेल की त्या फाईलवर आरोपी म्हणून कुणाचं नाव चढेल. आजवर तू 'नाही' म्हणालीस, ते तुझ्यापुरतं खरं होतं, म्हणून त्यांनीही ते खरं मानलं. आता ते खरं उरलेलं नाही. मी तुला सांगितलंय, लिहून, माझ्या हातानं, आणि मावशी समोर बसलेली आहे. तू जन्मात खोटं बोलली नाहीस ताई, माझ्यासाठीसुद्धा नाही. माझी शाळा बुडायची तेव्हा चिठ्ठीवर 'ताप' न लिहिता 'कंटाळा आला' असं लिहायचीस. माझं म्हणणं तिथे कुणी मानत नाही, म्हणून तुलाच खरं माहीत करून द्यायचं, एवढाच मार्ग मला उरला. सोमवारी जाशील तेव्हा हा कागद बरोबर ने.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
धाकटा