सासूबाईंचा मोठा रुपया

२२ ऑक्टो., बुध. पाडवा.
काल लक्ष्मीपूजन झालं. आज ह्यांच्या धाकट्या भावानं, प्रकाश भाऊजींनी, फराळावरून उठून थेट देव्हाऱ्यात हात घातला. चिवड्याचे तेलकट हात. सासूबाईंचा चांदीचा मोठा रुपया उचलला, फोटो काढला, मोबाइलमध्ये काय काय शोधत बसले.
"वहिनी, हे राणी नोहे वो. स्पेनचा राजा हाय. मांगून दोन खांब पाहा. खरं निंघालं त लय किंमत हाय याची."
अठ्ठावीस वर्षं राणीछाप समजून त्या राजाच्या कपाळी कुंकू लावते आहे. सासूबाईही लावायच्या. देवीनं गोड मानून घेतलं असेल.
खामगावला दाखवतो म्हणून घेऊन गेले. मला हो-नाही विचारलंच नाही. पाटावर कुंकवाचा गोल तेवढा राहिला.

२६ ऑक्टो., रवि.
भाऊजींचा फोन. खामगावचा जुनी नाणी घेणारा म्हणाला, नक्कल. वजन सत्तावीस ग्रॅम पाहिजे, भरलं सव्वीसपेक्षा कमी. कडेला गोल-चौकोन, गोल-चौकोन अशी नक्षी पाहिजे. ती आहे, पण एका बाजूला बोटभर जागा सपाट. ओतून केलेल्या नकलेत साच्याचा सांधा तिथं असतो, तो घासून लपवतात म्हणे.
मग आवाज बारीक करून, "मायच्या वक्ताचा त खराच असन ना. मंग हा कुठून आला? देव्हारा तुमच्याच हाती राह्यते, म्हणून इचारलं."
फोन ठेवल्यावर अर्थ लागला. म्हणजे मी बदलला. देवापुढचा. अंगाला शेण लागल्यासारखं झालं. पुन्हा आंघोळ केली.
ह्यांना सांगितलं. "त्यानं तुयं नाव घेतलं काय? मंग?" आणि बातम्या लावल्या. ताट वाढलं.

३१ ऑक्टो., शुक्र.
रुपया परत आला. प्लास्टिकच्या पुडीत, गुटख्याचा वास. टिपॉयवर टाकला, "घ्या तुमचा राजा." पंचामृतानं धुतला, तरी वास जाईना. की मलाच येतोय.
दुपारी जानेफळहून एस.टी.नं मेहकर, नेहमीच्या सोनाराकडे. काट्यावर ठेवला, कसोटीवर घासला. चांदी चांगली. मग भिंग लावून कडा पाहिली, कितीतरी वेळ. "ताई, कानस मारली असती त रेघा सरळ उमटल्या असत्या. ह्या गोल हायेत. सहाणेवर उगाळल्यावानी."
तिथंच बसल्या बसल्या आठवलं. बाळघुटी! हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, आणि शेवटी हा रुपया उभा धरून सहाणेवर दोन वेढे. घरातल्या प्रत्येक लेकरासाठी सासूबाई. माझ्या सोनलच्या वेळी तर सहाण मीच धरली होती. आणि फोनवर नेमकं हेच आठवू नये! भाऊजींपेक्षा स्वतःचीच चीड आली.
म्हटलं, म्हणजे खरा ना? सोनार हसले. "आमची कसोटी चांदी सांगते. शिक्का कोनं मारला थे नाही सांगत. चांगल्या चांदीतही नक्कल करतात लोक."
निदान थाप तरी मारली नाही माणसानं.

३ नोव्हें., सोम.
ह्यांना आणि भाऊजींना घेऊन अमडापूरला आत्याबाईंकडे. सासूबाईंच्या नणंद, ऐंशीच्या पुढे, डोक्यानं शाबूत. काही न सांगता रुपया हातात दिला. अंगठा बरोबर त्या सपाट जागेवर गेला.
"हाव, हाच. काऊन बे पक्या, तुयाच तोंडात गेला थो. सव्वा महिन्याचा होता, रातदिवस रडे. तुयी माय दोन वेढे दे, म्या चार देल्ले. तवा कुठं गप झाला."
भाऊजी म्हणाले, "मंग त वजन माह्या पोटाचं करा लागते!"
सगळे हसले. हे पण. भाऊजींनी तीन बश्या भजी खाल्ली. मला वाटलं, आता म्हणतील, वहिनी, चुकलं. एवढंच पाहिजे होतं.
निघताना चपला घालता घालता, हसतच, "पण वहिनी, घासाले काय, नवं नाणंही घासता येते. आत्याले आता दिसते किती?"
ह्यांनी ऐकलं. गाडी सुरू केली.
रस्ताभर रुपया मुठीत धरून बसले.

५ नोव्हें., बुध. त्रिपुरी पौर्णिमा.
वाती लावल्या. रुपया देव्हाऱ्यात ठेवला नाही. देवाला काय सांगू, चौकशी चालू आहे? वाटीत घालून ज्वारीच्या कोठीवर ठेवलाय.
भाऊजींना तो आता पुण्याच्या जाणकाराकडे पाठवायचाय. रविवारी न्यायला येणार. खरा ठरला तर विकतील. खोटा ठरला तर चोर मी. हे म्हणतात, "देऊन टाक, कटकट जाईन." कटकट म्हणजे मीच.

९ नोव्हें., रवि.
सकाळी पूजेनंतर कागद करून ठेवला. सोनाराकडचं वजन, दोऱ्यानं मोजलेली सपाट जागेची लांबी, राजाच्या गालावरचा चरा, सगळं. खाली भाऊजींच्या नावानं लिहिलं, हा रुपया माझ्या आईच्याच हातचा आहे, आणि हाच परत आणीन. सहीला जागा सोडली.
भाऊजी दहाला आले. वाचलं, उलटून मागं पाहिलं, पुन्हा वाचलं.
"हे काऊन, वहिनी? घरच्यायवर भरोसा नाही काय?"
"नाही."
ह्यांनी पेपरातून मान वर केली. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.
पेन दिलाय. रुपया समोर ठेवलाय. भाऊजी बसलेत अजून, पेनचं टोपण काढतात, लावतात, इथवर ऐकू येतं. मी आत येऊन हे लिहिते आहे. चहा ठेवलेला नाही.