सरनोबताचा तुटलेला कागद

९ जानेवारी

मोतीबिंदू नाही म्हणे. पडदाच झिजलाय. डोळ्यांच्या डॉक्टरने विचारलं, "आजोबा, वय किती?" म्हणालो, अठ्ठ्याहत्तर. "मग वापरलेत की भरपूर." हसला. मीही हसलो. बाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा कळलं की तो काय म्हणाला. मोठी अक्षरं वर्षभर दिसतील. मोडीचं काय, विचारलं नाही. त्याला मोडी म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं असतं.

१२ जानेवारी

रविवार. सूनबाईचा फोन. तब्येत, औषधं, पाण्याची वेळ. मागे भांड्यांचा आवाज, आणि कोणीतरी खाकरलं. तोच, मुलगा. "देऊ का?" असं ती आता विचारत नाही. मीही "आहे का?" म्हणत नाही. सहा वर्षांत फोनवर एवढंच — एक खाकरणं.

१५ जानेवारी

सकाळभर चौथीचं वाचनपुस्तक डोक्यात. निळं कापडी बांधणीचं. सरनोबताची कविता पान एकोणचाळीसवर होती. बाकावर उभं राहून म्हणायचो, गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटच्या ओळीला पायाने ठेका धरायचे.

मागे नदीला पूर, पुढे भाल्यांचे रान,
सरनोबत म्हणे, आता फिरवू कशी मान?

पुढे मीच मास्तर झालो. तीस वर्षं तीच कविता शिकवली. पोरं मला पाठीमागे 'सरनोबत' म्हणायची. आवडायचं मला ते. खोटं कशाला लिहू.

आणि सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर ह्याच दोन ओळी म्हटल्या. मुलगा आगीच्या बंबावर होता, आठ जणांच्या टोळीचा प्रमुख. आदल्या दिवशी गोदामाला आग लागलेली. छप्पर वाजायला लागलं तशी त्याने परतीची शिट्टी फुंकली. सहा बाहेर आले. दोघं आतच. पुढे चौकशीत त्याच्यावर काही ठेवलं नाही. मी ठेवलं. भात चिवडत बसला होता तो. भुवया जळलेल्या. आणि मी, शहाणा माणूस, कविता म्हणालो.

ही तेव्हा होती. ताट तसंच ठेवून तो उठला तेव्हा मला म्हणाली, "तुमच्या जिभेला काही हाड?" नंतर वर्षाच्या आत तीही गेली. तिच्या दहाव्याला तो आला, खांदे पाडून उभा राहिला, माझ्याकडे न बघता गेला.

१८ जानेवारी

दप्तरखान्यात मोडी वाचायला जाऊन आलो. तिथला लाकडाचा आणि जुन्या कापडाचा वास आला की बरं वाटतं. दप्तरवाल्या बाईंना डोळ्यांचं सांगितलं नाही. सांगितलं तर खुर्ची काढून घेतील. प्रेमानेच घेतील, पण घेतील.

परतताना कंपोझिटरच्या दारात थांबलो. छापखाना गेला, खिळे भंगारात गेले, हा उरला. आमच्या मोडी कागदांच्या खंडाची पानं त्यानेच जुळवली होती. चहा ओतता ओतता म्हणाला, "मास्तर, मी वर गेल्यावर पहिला प्रश्न येणार, त्या पानावरचे कंस कुठे गेले? मी सरळ तुझ्याकडे बोट दाखवणार."

चाळीस वर्षांत त्याने हे कधी काढलं नव्हतं. चहा गोड लागेना.

१९ जानेवारी

लिहूनच टाकतो. हे पान कोण वाचणार आहे?

मोडीचा कागद उतरवून काढताना एकच शिस्त. जे आहे ते. कागद तुटला असेल तिथे टिंबं. अंदाजाने शब्द घालायचा तर चौकटी कंसात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे मास्तरांचं, कागदाचं नाही. सरनोबताचा एकच कागद होता, उजवीकडून फाटलेला. "सरनोबत खिंडीत" — आणि पुढे वाळवी. मी तिथे कंसात लिहिलं, 'रणी पडले'. का? कविता पाठ होती, आणि कवितेत तो पडतो, म्हणून. दुसरं काही कारण नाही. मग प्रूफ आलं. त्या ओळीत ते कंस इतके दळभद्री दिसले! सरनोबताला कोणीतरी पिंजऱ्यात घातल्यासारखे. काढून टाकले.

तेव्हापासून जो तो त्या पानाचा दाखला देतो. कवितेला कागदाचा आधार आहे, असं लिहितात. कागदाला कवितेचा आधार आहे!

मुलाला मी ज्या मेलेल्या माणसाशी तोललं, तो मीच मारलेला.

२३ जानेवारी

सापडला. दप्तरखान्यात, सरनोबताचा पुढचा तुकडा.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याला आतून जुने कागद खळीने चिकटवलेले असतात, तशी एक वही. पुठ्ठा फुगून सुटलेला. भिंगाखाली धरला तर तेच वळण, तसाच काळपट कागद, डावीकडून फाटलेला. वाचलं. परत वाचलं. बाईंना हाक मारली.

"…जाऊन माघारे आले. चारशे माणूस नदीपार सुखरूप उतरविले. हुजूरची मर्जी गेली. सरनोबतीचा शिक्का व कट्यार घेतली. आपले गावी बसोन आहेत."

फिरला होता! मान फिरवली होती त्याने. चारशे माणसं घेऊन आला आणि घरी बसला.

२४ जानेवारी

बाई माझ्याएवढ्या नाहीत हरखल्या. "सर, मागची बाजू अजून पुठ्ठ्याला आहे. ओलावा देऊन सुटायला तीन आठवडे तरी लागतील. तोवर कुणाला दाखवू नका."

"कुणाला दाखवणार? मला आहे कोण?"

"तुम्ही सरनोबत म्हटलं की कुणालाही दाखवाल," म्हणाल्या.

हाताने नक्कल केली होती. कोटाच्या आतल्या खिशात आहे.

२६ जानेवारी

नाही थांबवत. वर्षभर डोळे, आणि माणसाचं काय सांगावं.

२७ जानेवारी

सूनबाईला विचारून पत्ता काढला. बंब सोडल्यावर तो इमारतीइमारतींतून आग विझवायची नळकांडी तपासत फिरतो, हे माहीत होतं. बघितलं आज. कचेऱ्यांची इमारत, लिफ्ट बंद, चौथ्या मजल्यापर्यंत जिना. तो जिन्यातच उकिडवा बसला होता. काटा बघायचा, नळकांडं हलवून कानाशी धरायचं, चिठ्ठीवर तारीख घालायची, दोऱ्याने त्याच्या गळ्यात बांधायची. डोकं पार पिकलंय. कोणी सांगितलं नव्हतं मला.

"बाबा? जिन्याने आलात?"

"लिफ्ट बंद आहे."

"ते दिसतंय. काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. हे वाच."

वाचलं. उभं राहून, मग पायरीवर बसून. कंसाचं सगळं सांगितलं. मीच घातलं, मीच झाकलं. तो ऐकत होता की नाही, कळेना. मग म्हणाला, "म्हणजे आता मी सुटलो का? ह्या कागदावर?"

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसलो.

"त्या दोघांतल्या एकाचा आवाज वायरलेसवर येत होता. मी शिट्टी फुंकल्यावर चार मिनिटं. काय म्हणत होता ते चौकशीत लिहून घेतलंय. तुम्ही विचारलं नाहीत कधी."

"नाही विचारलं."

"आता नका विचारू."

खालून कोणीतरी ओरडलं, "ओ, पाचव्या मजल्याची झाली का?" तो उठला. नक्कल घडी करून खिशात घातली. "सावकाश उतरा. कठडा धरा. तिसऱ्या मजल्यावर पायरी फुटलीये."

कठडा धरून उतरलो. संपलं, असं प्रत्येक पायरीला वाटत होतं.

३ फेब्रुवारी

रविवार होऊन गेला. फोन नाही. सूनबाईचाही नाही.

६ फेब्रुवारी

कंपोझिटर म्हणाला, "तू कागद घेऊन गेलास? अरे, माणूस घरी जाताना केळी नेतो."

९ फेब्रुवारी

आला. दुपारी साडेतीनला.

दार उघडलं तर पिशवी घेऊन उभा. "गॅसची नळी कधी बदलली होती?" आत येऊन तडक स्वयंपाकघरात. नळी बदलली. साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघितलं. आईच्या फोटोसमोर थांबला, काचेवरची धूळ बाहीने पुसली. वीस मिनिटं. जाताना म्हणाला, "चारशे माणसं म्हणजे काय हो? घोड्यांसकट?"

"माणसंच. घोडी वेगळी मोजत."

"पुरात?"

"पुरात."

मान हलवली. गेला. मी दार लावायचं विसरलो.

१६ फेब्रुवारी

पुन्हा आला. नवीन काही दुरुस्त करायला नव्हतं म्हणून चालू नळाचा वॉशर बदलला. बोलला. मी मध्ये बोललो नाही, आयुष्यात पहिल्यांदा. त्या पोराचा आवाज, तो काय म्हणत होता — इथे नाही लिहिणार. ते माझं नाही.

मग म्हणाला, "नक्कल खिशातच असते. हसाल, पण त्या रात्री झोप लागली. सहा वर्षांनी. मी आपलं 'चारशे, चारशे' म्हणत पडतो. माझे सहा. पण फिरणं तेच ना?"

"तेच."

"आणि त्यालाही घरी बसवलंच."

"बसवलं."

"बसून काय केलं असेल त्याने?"

म्हणालो, माहीत नाही. म्हणालो, बहुतेक कोणाची तरी नळी बदलून दिली असेल. हसला. असा हसणारा मुलगा होता आम्हाला.

२१ फेब्रुवारी

बाईंचा निरोप. कागद सुटला.

मागच्या बाजूला तारीख आहे. माझ्या सरनोबतानंतर एक्केचाळीस वर्षांची. आणि नाव आहे, स्पष्ट. हा दुसराच. दुसरा सरनोबत, दुसरी नदी. बाईंनी दोन्ही तुकडे काचेवर शेजारी ठेवून खालून दिवा लावला. कडा जुळत नाहीत. लहान पोरालाही दिसेल इतक्या जुळत नाहीत. मीच जुळवल्या होत्या.

"सर, पाणी घ्या," म्हणाल्या.

माझा सरनोबत खिंडीत गेला. पुढे टिंबं. तो पडला की फिरला, कोणाला कधीच कळणार नाही.

२२ फेब्रुवारी

कंपोझिटरला सांगितलं. त्याने चहा ओतला. मग, "फिरणारा एक तरी होता ना? मग झालं तर."

"पण मुलाला मी तो कागद माझ्या सरनोबताचा म्हणून दिलाय. कवितेतला. मी ज्याच्या नावाने बोललो, तो."

"मग सांग."

"आणि त्याची झोप?"

त्याने कपबशी उचलली, आत जाऊन विसळत बसला.

२३ फेब्रुवारी

आला होता. सांगणार होतो. पडद्याच्या दांडीला स्क्रू मारत होता, तोंडात दोन स्क्रू. नाही सांगितलं.

२ मार्च

आला. नाही सांगितलं. "डोळे कसे आहेत?" म्हणाला. सूनबाईने सांगितलं असावं, तिला डॉक्टरने. सगळ्यांना सगळं माहीत असतं, मलाच वाटतं मी लपवतोय.

५ मार्च

शुद्धिपत्र लिहून दिलं. बाईंनी चार ओळी केल्या होत्या, मी दोनच ठेवल्या. "पान ११७. 'रणी पडले' हे शब्द मूळ कागदात नाहीत; ते लिप्यंतरकाराने पदरचे घातले. तेथे कागद तुटलेला असून पुढील वृत्तान्त उपलब्ध नाही." खाली सही. बाई म्हणाल्या, "नाव नाही घातलं तरी चालेल, सर." म्हणालो, घाला.

चाळीस वर्षांनी हलकं वाटायला हवं होतं. रिकामं वाटतंय. ती कविताही आता म्हणवत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत जातो आणि पुढे काही नाही.

दुसऱ्या कागदाला वेगळा क्रमांक दिलाय. त्याच्या जागी. त्याच्या माणसाच्या नावाने.

२३ मार्च

शुद्धिपत्र छापून आलं. टेबलावर होतं. मुलगा मोरीच्या नळाखाली पाठीवर आडवा, फक्त पाय बाहेर. तिथूनच म्हणाला, "बाबा, आलं का छापून ते चारशे माणसांचं? वाचा ना."

शुद्धिपत्राचा कागद समोर धरला. चष्मा लावला नाही. त्यावर नव्हतं ते वाचलं — चारशे माणूस, नदीपार, सुखरूप. मोठ्याने, कुठे न अडखळता. तो बाहेर आला, हात पुसले, टेबलावरच्या चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कागद हातात मागितला नाही.