सुताला पाय न लावणारं मांजर

बाबा, सध्या मी रोज सकाळी थोडा वेळ मांजर होतो. हे ऐकून तुम्ही मायकडे पाहाल आणि म्हणाल, "घ्या, एवढंच राह्यलं होतं याचं." पण खरं सांगतो, आजवर जेवढी कामं धरली आणि सोडली, त्यात हे सगळ्यात बरं आहे. नागपूरला हॉटेलात होतो, पुण्याकडे गोदामात होतो, मधे एका बोअरवेलच्या गाडीवर राज्य-राज्य फिरलो, आणि आता हैदराबादेत गेम खेळायच्या दुकानात लागलो. मोठमोठे टीव्ही, त्यांच्यासमोर गुबगुबीत खुर्च्या. कॉलेजचे पोट्टे तासाच्या भाड्यानं येऊन बसतात, बंदुका चालवतात, मोटारी पळवतात, हरले की आईबापाच्या नावानं ओरडतात. मी झाडू मारतो, मशिनी पुसतो, चिप्सचे कागद उचलतो आणि कोणाची वेळ संपली की त्याच्या खांद्यावर हळूच हात ठेवतो. दुकान उघडायच्या आधी सगळ्या मशिनी चालू करून पाहाव्या लागतात. त्या पाहण्याच्या नावाखाली मी एका खुर्चीत बसतो आणि मांजर होतो.

हा गेम दुकानात कोणी खेळत नाही, कारण यात मारामारी नाही. एक करड्या रंगाचं मांजर पावसातून एका घरात शिरते, आणि त्या घरात एक बाई एकटीच राहते. एवढंच. इंग्रजी लिहिलेलं सुरुवातीला थोडं येते, ते मी सोडून देतो. माझं शिक्षण तुम्हाला माहीतच आहे. मी शाळा बुडवली म्हणून मास्तर घरी यायचे तेव्हा तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवत होते. पण या गेमात त्याचं काही अडत नाही. मांजरालाही वाचता येत नाही ना! ती बाई बोलते तेव्हा नुसता गुणगुणल्यासारखा आवाज येतो, शब्द नाही. आवाज जड झाला की समजायचं, दुखून राहिलं; हलका झाला की जवळ जायचं. एक बटण तं फक्त म्याव करायचं आहे. त्यानं काहीच होत नाही, तरी मी तेच सगळ्यात जास्त दाबतो.

आणि सगळं खालून दिसते. टेबलाची वरची बाजू दिसत नाही, खालचे खिळे दिसतात. दार म्हणजे एक मोठी भिंत, माणसाची मर्जी झाली तं उघडणारी. बाई म्हणजे चपला आणि पावलं. पहिल्या दिवशी ती पावलं पाहिली आणि मी हातातलं यंत्र खाली ठेवून उगाच पाणी प्यायला उठलो. कारण असं खालून मी आधी पाहिलेलं आहे. उन्हाळ्यात आपल्या घरात सगळ्यात थंड जागा म्हणजे तुमच्या मागाचा खड्डा. तुम्ही काठावर बसून पाय आत सोडायचे, खाली पावड्या दाबायचे, वर सूत घेऊन धोटा इकडून तिकडे पळायचा. मी आणि आपली भुरी मांजर, दोघं त्या खड्ड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचो. तिथून बाप म्हणजे दोन पाय. उजवी टाच भेगाळलेली, डावा अंगठा जरा वाकडा. काम मनासारखं चाललं की तो अंगठा पावडीवर ताल धरायचा. वर कुठं कोश्याच्या रेशमाची तार तुटली की पाय जागीच थांबायचे आणि अंगठा हवेत उभा. मी मांजराकडे पाहायचो, मांजर माझ्याकडे, आणि दोघंही श्वास रोखून बसायचो. तार जोडली गेली की अंगठा खाली. मग आम्ही सुटलो. तुमचा चेहरा मला आता आठवावा लागतो. पाय मात्र आठवावे लागत नाहीत.

तर त्या गेमात मी अडकलो. बाईच्या खुर्चीजवळ लोकरीचा एक गोळा पडलेला असतो आणि तिच्या मांडीवर अर्धवट विणलेला स्वेटर. कोणासाठी तरी विणायला घेतला असेल आणि ते माणूस गेलं असेल, हे न वाचताही समजते. ती सुया हातात घेते, परत ठेवून देते. आता मांजरानं काहीतरी करायचं आहे, तेव्हाच गोष्ट पुढे सरकते. मी खिडकीत चढून पाहिलं, दूध सांडून पाहिलं, तिच्या पायाला घासून पाहिलं, म्याव तं किती वेळा केलं असेल. काही नाही. रोज सकाळी मी तेच घर फिरायचो आणि तीच बाई तशीच हातावर हात धरून बसलेली.

माझ्यासोबत इथलाच एक पोरगा काम करतो. मोठा बोलका. तो मागे उभा राहून चहा पीत पाहत होता. म्हणे, "क्या रे, तू ऊन के गोले को प्रदक्षिणा मार रा क्या?"

"नहीं तो."

"अरे रोज देख रा मैं. पूरा घर कूदता तू, गोला आया की बाजू से जाता. मार ना उसको पंजा! बिल्ली है तू, पुजारी नक्को बन!"

बाबा, मला खरंच समजलं नव्हतं. मी त्या लोकरीला वळसा घालून जात होतो. मांजर झालो तरी कोष्ट्याचा पोरगाच राहिलो. आपल्या घरात सूत ओलांडायचं नाही, सुताला पाय लावायचा नाही, लागलाच तं हात लावून पाया पडायचं. हे माझ्या अंगात एवढं भिनलेलं आहे, की टीव्हीतल्या लोकरीलाही माझी बोटं भिऊन राहिली होती. दुनियेतलं कोणतंही लेकरू जो गोळा पहिल्या मिनिटात उडवून देईल, तिथं मी पंधरवडा घातला.

त्याला मी कारण सांगितलं. तो एवढा हसला की चहा नाकातून आला.

मला मात्र ती सकाळ आठवली, जेव्हा तुम्ही गल्लीत ताना पसरला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूवर ताणलेल्या तारा, आणि तुम्ही कुंच्यानं त्यांना भाताच्या पेजेची खळ लावून राहिले होते. तेवढ्यात कुत्रं मागं लागलं आणि आपली मांजर सरळ तान्याखाली घुसली. मी तिला धरायला धावलो. तुम्ही अशी आरोळी ठोकली की कुत्रंसुद्धा थांबलं.

"थांब! जाऊ नोको तिच्या मागं!"

"बाबा, ताना तोडन ना ते!"

"ते नाही तोडत. तू तोडशीन. तिले तिची वाट समजते, तुये पाय बैलाचे हायेत लेका!"

आणि ती खरंच गेली निघून, एक तार न हलवता. गल्ली हसली, मी रडलो. संध्याकाळी तुम्ही मला घासून गुळगुळीत झालेला जुना धोटा दिला, दोरी बांधून. त्याची मी मोटार केली आणि पार मोहाडीच्या बाजारापर्यंत ओढत नेली. पुढे एकदा तुम्ही मला मागावर बसवून पाहिलं होतं. थोड्याच वेळात माझे पाय वळवळायला लागले. तुम्ही मला काखेत धरून वर काढलं, मायला म्हटलं, "याच्या पायाले भिंगरी हाय, हा खड्ड्यात नाही टिकत," आणि पाठीवर थाप मारून सोडून दिलं. ना राग, ना उपदेश. इथं जे पोरं भेटतात त्यांचे बाप त्यांना काय काय बोललेले असतात. मी ऐकतो आणि झाडू मारत राहतो.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी लिहायला बसलो. तुमचा माग तुम्ही गेले त्या दिवशी होता तसाच उभा आहे. त्यावरची साडी अर्धी विणलेली, अर्धा ताना नुसता. मायनं त्यावर तुमचं जुनं धोतर झाकून ठेवलं आणि एवढ्या वर्षांत कोणाला हात लावू दिला नाही. पेजेच्या वासानं उंदीर सूत कुरतडतात म्हणून तुम्ही मांजर पाळली होती ना, तिच्या नातीनं तो ताना सांभाळला, नाही तं कधीच भुगा झाला असता. शेजाऱ्यांकडे सून आली, बपेरा गावची, धानवाल्या घरची. तिच्या माहेरी कोणी माग पाहिलेला नाही. पण ती मायजवळ येऊन बसायला लागली, धोट्याच्या कांड्यांवर सूत भरायला शिकली, दुसऱ्याच्या मागावर जाऊन विणायलाही शिकली. तिला आपल्या मागावर बसायचं आहे. अर्ध्या राहिलेल्या साडीवरच. माय मनातून तयार, पण भीते. तुमचं शेवटचं काम आहे. बिघडलं तं ते पण गेलं. आणि माग लेकाचा, म्हणून मला विचारते.

"त्या पोरीनं आजबी विचारलं. काय सांगू?"

"पाहू ना माय."

"पाहू पाहू म्हनून तुनं वरीस काढलं. दिसलं काय तुले काही अजून?"

मला काही दिसत नव्हतं. त्या धोतराला मीही वळसाच घालत होतो, घरी गेलो तरी त्या खोलीत झोपत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या गोळ्याला पंजा मारला. डोळे अर्धे मिटून. गोळा सुटला तो सुटलाच. खुर्चीखालून, जिन्यावरून, सगळ्या घरात लोकरच लोकर. बाई ओरडली, उठली, धागा गुंडाळत मागं मागं आली, मांजर पुढं, बाई मागं, आणि मधेच ती खाली बसून हसायला लागली. हसण्याचाही नुसता आवाजच, शब्द नाही. मग ती लोकर घेऊन खुर्चीत गेली आणि विणायला लागली. माझ्यामागे उभा तो पोरगा म्हणे, "रो रा क्या बे?" मी म्हटलं, झाडूची धूळ गेली.

लगेच मायला फोन लावला.

"बसव तिले."

"अर्ध्यावरून?"

"अर्ध्यावरूनच."

"जुना ताना हाय रे. तार तुटतीन."

"तुटतीन तं जोडन ना ती. तू हायेस संगं."

माय म्हणाली, "पन त्याईले चाललं असतं काय?"

"मले बाबाच म्हनले होते एकदा. माग रिकामा ठेवू नोका, जो बसन त्याले बसू द्या."

"तुले म्हनले होते?"

"हाव."

"बरं," माय म्हणाली. "म्हनले असतीन."

पोळा झाल्यावर ती बसली. पहिल्या दिवशी पुष्कळ तारा तुटल्या, माय सांगत होती. दोघींनी मिळून जोडल्या. काल मायनं फोनवर कापड दाखवलं. जिथं तुमचा हात संपला आणि तिचा लागला, तिथं एक बारीक रेघ दिसते. तिची वीण जास्त घट्ट आहे. माय म्हणे, "तुया बापापेक्षा जोरानं ठोकते रे. सासूवरचा राग काढते वाटते!" मागून ती सून हसली, आणि त्यांच्या हसण्यामागं खट-खट चालूच होतं.

हे सगळं मी तुमच्या जुन्या नंबरच्या मेसेजात लिहून राहिलो. तो नंबर आता कोण्या दुसऱ्याचा झाला, फोटोत एक जाड्या गॉगल घालून बुलेटवर बसला आहे. म्हणून पाठवत नाही. तो बिचारा वाचून बेजार होईल. पण मायनं उद्या तुम्हाला मनातल्या मनात विचारलंच, तर सावध राहा. मागाबद्दल तुम्ही मला कधी काहीच म्हटलं नव्हतं. ते मी तुमच्या नावावर तिथल्या तिथं विणलं.