बदामाच्या बकरीचे डोळे

मी, ज्युलियस पास्कल तुस्कानो, वय चौपन्न, मूळ राहणार भुईगाव, वसई, सध्या मुक्काम हमरिया, मस्कत, धंदा हॉटेलात पेस्ट्री शेफ, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही आणि त्याच्या ऑपरेशनसाठी मी पुढच्या आठवड्यात मुंबईला निघालो आहे, म्हणून ही लिहायची वेळ आली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट असले काही लिहू नये म्हणून पत्नी मार्गारेट हिने कालपासून माझ्याशी अबोला धरला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याचा उत्साहही नाही.

१. भुईगावचे घर आणि मागची केळीची वाडी मार्गारेटची. बँकेत जे असेल त्यातून मुलगी मेलनी हिचे मुंबईतले शिक्षण पुरे करावे, उरेल ते मार्गारेटचे. गाडी विकावी. तिचा एसी चालत नाही हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

मस्कतमध्ये माझ्या मालकीचे फारसे काही नाही. फ्लॅट घरमालक खमीसचा, व्हिसा आणि ओव्हन हॉटेलचे. अठरा वर्षांत माझे म्हणावे असे जे केले ते लोकांनी खाऊन टाकले. त्याबद्दल तक्रार नाही, खाण्यासाठीच केले होते.

२. माझ्या सुऱ्या, लाटणी आणि लाकडी कोरण्या माझा मदतनीस रुपेश वानखडे याला द्याव्यात. त्याचा हात चांगला आहे. घाई जरा जास्त आहे, ती लग्नानंतर कमी होईल असे वाटले होते.

३. आईचे रबरी साचे, ज्यांतून ती नाताळात मार्झिपानचे, म्हणजे बदाम-साखरेच्या गोळ्याचे, मासे आणि गुलाब काढायची, ते आमच्या हॉटेलच्या मोठ्या शेफना द्यावेत. नाताळच्या पत्रकात त्यांनी माझी मार्झिपानची बकरी स्वतःच्या नावावर छापली होती. साचे त्यांनी मनापासून वापरावेत. त्यांतून बकरी निघत नाही.

४. केकवरचा बगळा मार्गारेटचा. मत्रहच्या बंदरावर एक करडा बगळा रोज बोटीकडे डोळे लावून उभा असतो, त्याच्यावरून मी तो बेतला. त्याचे पाय साखरेचे. केक घरपोच जाईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर ते मोडत. शेवटी कंटाळून मी त्याला खुर्चीत बसवला. बसल्यावर तो कारकुनासारखा दिसू लागला, म्हणून चष्मा दिला, मग मांडीवर डबा. मार्गारेट म्हणायची, "हा तर तूच, सुट्टीच्या तिकिटाची वाट बघणारा." तेव्हा तो तिचाच.

५. आता बकरी. मिळकतीचे वर्णन करणे भाग आहे, म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

खमीसला आम्ही अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतो. तो आमच्या इमारतीमागे बकऱ्या पाळतो. त्यांतली सुरैया पांढरी, एका कानावर तपकिरी डाग, पुठ्ठ्याची भारी आवड. एक्याण्णव साली एका वाढदिवसाच्या केकवर मी तिला मार्झिपानमध्ये केली, चार पायांवर उभी. चार पायांना केकवर फार जागा लागते, मेणबत्त्यांना उरेना. म्हणून पुढच्या वेळी तिला मागच्या दोन पायांवर उभी केली. मग पुढचे पाय नुसते लोंबू लागले, म्हणून त्यांत मुलाच्या नावाची चॉकलेटची पाटी दिली. पाटी धरायची तर खुरांची बोटे करावी लागली. बोटे असलेली बाई उघडी कशी ठेवायची, म्हणून फ्रॉक आला आणि मग एप्रन. लोक म्हणतात, कलावंताला सुचते. मला काही सुचले नाही, एकाला जागा करता करता दुसरे येत गेले.

मुले आधी कान खातात. कान तोडताना गालही निघून यायचा आणि मूल रडायचे. म्हणून कान मोठे केले आणि वेगळे घडवून हलके चिकटवले. खमीसने पुतण्याच्या वाढदिवसाला ते पाहिले.

"शेफ, ये तो मेरा सुरैया है. कान इतना बडा कायको किया?"

"बच्चा लोग पहले कान खाता है, अर्बाब."

"तो एक मेरे को दे."

त्याने तो डोळे मिटून खाल्ला. त्या वर्षी भाडे वाढले नाही.

डोळ्यांचे मात्र जमत नव्हते. चांदीच्या गोळ्या लावल्या की ती दचकलेली दिसे. पंच्याण्णव साली मस्कतच्या रुवी भागातल्या चर्चमध्ये मेलनीचे पहिले कम्युनियन होते. तिच्या केकसाठी मी चॉकलेटचे डोळे केले आणि वर आयसिंगचा पांढरा ठिपका दिला. ठिपका असा पडला की बकरी बघू लागली. मी अख्ख्या किचनला बोलावून दाखवले. इतका आनंद मला नंतर कधी झाला नाही. घरी मेलनीने केक कापला, बकरी हातात घेतली आणि परत ठेवली.

"खा ना, बाय," मार्गारेट म्हणाली.

"मम्मी, आय कान्ट. ती मला बघते."

कोणी किती समजावले तरी तिने खाल्ली नाही. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवली. ती अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, पिवळी पडलेली, दगडासारखी घट्ट. माझ्या हातची एवढी एकच वस्तू या जगात शिल्लक आहे.

त्यानंतर मी डोळे मिटले. म्हणजे बकरीचे. टूथपिकने एकच रेघ, बाहेरून आत, शेवटी किंचित खाली. मुले निर्धास्त झाली. एक मुलगी भावाला सांगत होती, "शी इज स्लीपिंग, तिला कळणार नाही." पण झोपलेली बकरी पाटी धरून उभी कशी राहील? ती बसली. पाटी गेली तशी बोटांची गरज संपली, खूर परत आले. एप्रन गेला, फ्रॉक गेला. दोन हजार पाचपर्यंत ती चारही पाय पोटाखाली घेऊन, मान वळवून झोपलेली साधी बकरी झाली. रुपेश म्हणाला, "सर, आपण परत पहिल्यावरच आलो की." तसे नाही. हिला मध्यंतरी हात होते, ते हिच्या चेहऱ्यावर दिसते.

दुपारी हॉटेलातून येऊन पडतो तेव्हा हल्ली एक स्वप्न पडते. मत्रहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर माझ्या सगळ्या बकऱ्या चालल्या आहेत, चार पायांवरच्या, फ्रॉकातल्या, पाटीवाल्या. एकीला कान नाहीत, एकीला खांदा नाही. बगळा खुर्चीतून उठून त्यांना वाट देतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले, तरी एकही पाण्यात पडत नाही. मी हाक मारतो आणि बदामाचा वास येतो. जाग आली की छातीत दुखते, पण वाईट वाटत नाही.

६. हॉटेलला डब्यातली बकरी हवी आहे. तिच्यावरून सिलिकॉनचा साचा करायचा आणि माझ्यामागे तीच काढत राहायचे, असा बेत आहे. रुपेशलाही तो पटतो. "सर, एका शिफ्टमध्ये शंभर निघतील." निघतील. पण साच्यातली बकरी पुढे बदलणार नाही. कान कुठून तुटतो हे साच्याला कधी कळणार नाही. म्हणून सक्त लिहितो की डब्यातली बकरी कोणत्याही कारणाने हॉटेलला देऊ नये. रुपेशने स्वतःच्या हाताने हवी तशी बकरी करावी, तिला पँट घातली तरी माझी हरकत नाही.

७. डब्यातली बकरी मेलनीची.

मेलनी, हे कलम तुझ्यासाठी, सावकाश वाच. अडलेले शब्द आई सांगेल. सुट्टीत तू माझ्याबरोबर मार्झिपान मळायचीस, कान माझ्याहून छान करायचीस. डोळ्यांशी आलीस की टूथपिक माझ्या हातात द्यायचीस. "ते तुम्ही करा, पप्पा. मला भीती वाटते." मी करत आलो. परवा फोनवर तू म्हणालीस की हॉस्पिटलात येशील, पण काही झाले तर मला तसे बघणार नाहीस. मला त्याचे फार वाईट वाटले, आणि ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तर माझी इच्छा अशी. मी परत आलो तर आपण दोघे मिळून नवी बकरी करू आणि तिचे डोळे तू करशील. मी गेलो आणि माझे डोळे अर्धवट उघडे राहिले, तर ते नर्सने किंवा फादरनी मिटू नयेत. तो हक्क मी तुला देत आहे. बाहेरून आत, एकदाच, दाबायचे नाही. हात अडखळला तरी चालतो, माझाही पहिल्यांदा अडखळला होता. डोळे मिटलेले असले की जवळ येणाऱ्याला भीती वाटत नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकलो.

डब्यातल्या बकरीचे डोळे मात्र मिटायचे नाहीत. ती तुला बघते ना, बघू दे.

हे सर्व मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: ज्युलियस पास्कल तुस्कानो

साक्षीदार १: कॅरल परेरा, शेजारी, तळमजला.

साक्षीदार २: खमीस, घरमालक. मराठी येत नसल्याने मजकूर हिंदीत समजावून दिला. कलम पाच दोनदा ऐकले, बकरी त्यांचीच असल्याचे नोंदवायला सांगितले, ते नोंदवले.

ठिकाण: हमरिया, मस्कत
दिनांक: १४ नोव्हेंबर २००८