अधिक महिना कोणाचा

पारोळा
मंगळवार, ता. २६ मे २०२६
अधिक ज्येष्ठ शुद्ध दशमी (तिथी मुद्दाम लिहिली आहे. का ते पुढे कळेलच.)

चिरंजीव हितेंद्र यास अक्काचे आशीर्वाद.

इकडे आम्ही आहोत. 'सुखरूप' लिहिणार होते, पण खोटं कशाला. ऊन चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. तुझे दाजी दिवसातून तीनदा कूलरमध्ये पाणी ओततात आणि तीनदा लाइटवाल्यांचा उद्धार करतात. त्यांचा दमा बरा आहे. सुलक्षणाची कंबर कशी आहे? डॉक्टरने दिलेला पट्टा लावते का, की कपाटातच ठेवलाय?

फोनच करणार होते. पण तुझा फोन म्हणजे, "अक्का, मीटिंगमध्ये आहे." पत्राला मीटिंग सांगता येत नाही. ते टेबलावर पडतं आणि बघत बसतं.

तर माय माझ्याकडे आहे, दहा दिवस झाले. रुपचंदने सांगितलं असेल. नसेलही, कारण तुम्ही सख्खे भाऊ हल्ली एकमेकांशी पंचांगाचे फोटो पाठवूनच बोलता. तो लिहितो, "ज्येष्ठ म्हणजे ज्येष्ठ, हितूची पाळी." तू लिहितोस, "माझा निज ज्येष्ठ. अधिक महिना धरत नाहीत." अरे बाबा, अधिकात लग्नमुंज धरत नाहीत! मायने काय महिनाभर जेवण धरायचं नाही? लघवी धरून ठेवायची?

चूक माझीच. आबा गेले त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला कागद मीच लिहिला. एक महिना धरणगावी रुपचंदकडे, एक महिना धुळ्याला तुझ्याकडे. इंग्रजी महिने मायला कळत नाहीत, म्हणून अमावस्येला पाळी संपायची आणि प्रतिपदेला माय हलवायची. अदलाबदल माझ्या ओट्यावर, पारोळा मध्यावर म्हणून. चौथी शिकलेल्या बाईने वकिलासारखा कागद केला म्हणून मी आठ दिवस मिरवत होते. जन्मभर भिंतीवर पंचांग टांगणारी मी, आणि तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो एवढं सुचलं नाही.

त्या रविवारी रुपचंद नऊ वाजता गाडी घेऊन आला. मायला ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं, पिशवी शेजारी ठेवली. "अक्का, वैशाख संपला. हितू निघालाच असेल. मला कपाशीच्या लावणीला माणसं सांगितली आहेत," असं म्हणत गाडी सुरूच ठेवली होती त्याने. तू आला नाहीस. बारानंतर तुझा फोन बंद. मग दुपारी मी मायला आत घेतलं.

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मी ऐकून होते. तो पाहुणा आपलीच माय असेल असं वाटलं नव्हतं.

परवा तू रुपचंदला जळगावच्या त्या आश्रमाचं पत्रक पाठवलंस, महिनाभरासाठीही ठेवतात म्हणून, अठरा हजार, निम्मेनिम्मे. हे बघ, आश्रम वाईट असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी कुणीच नाही त्याने काय करावं? उद्या मला आणि तुझ्या दाजींनाही जावं लागेल कदाचित. आमचे चिरंजीव परदेशात बसून रोज औषध घेतलं का विचारतात, आणि औषध आणायला जातात ते तुझे दाजीच. पण माय तिथे का जाणार? म्हातारी झाली म्हणून नाही, आजारी म्हणून नाही. एक महिना कुणाच्याच नावावर लिहिलेला नाही म्हणून! हे तिला तू येऊन सांग. मला जमणार नाही.

आणि हे काम सोपं आहे असंही कुणी मला सांगू नये. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती स्वतःहून कुशीवर वळत नाही. दर दोन-तीन तासांनी वळवायची, नाही तर पाठीला जखम होते. धुरपदाबाई म्हणून एक बाई दिवसा लावली. नऊ हजार मागते, आणि मला ते जास्त वाटत नाहीत. तिची स्वतःची सासू अंथरुणात आहे. "तिला कोण बघतं गं?" विचारलं, तर म्हणाली, "आज दीराची पाळी." घ्या. लंगोट, मलम, हवेची गादी यांचं मेडिकलचं बिल पाहून तुझे दाजी म्हणाले, "आपल्या लग्नाला एवढा खर्च नव्हता आला."

ते आहेत म्हणून घरात हसू तरी आहे. माय रोज सकाळी विचारते, "हाऊ महिना कोना शे वं?" मी तिच्यापुढे चहा धरते. चौथ्या दिवशी दाजीच तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "मना शे! धोंडाना महिना जावाईनाच राहस!" माय बोळकं पसरून हसली. म्हणाली, "चांदीनं ताट नही दिधं मी तुम्हले." हे म्हणाले, "तुम्ही मना घर उन्यात ना, बस."

हितू, हे वाचायला गोड आहे. पण मला त्या वेळी चुलीत डोकं घालावंसं वाटलं. का ते सांगते.

त्याच्या आदल्याच दिवशी सुलक्षणाचा फोन आला होता. मी तिच्यावरही घसरले. सून म्हणून कर्तव्य वगैरे काय काय बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, पंधरा महिने मी त्यांना उचललं. कंबर गेली माझी. धरणगावच्या वहिनींनी सोळा महिने उचललं. तुम्ही ओट्यावर चहा दिलात." आणि रडायला लागली. मी फोन ठेवला. दिवसभर तिला मनात उत्तरं देत होते.

तू तिला काही बोलू नकोस. बोललास तर मला कळेलच. ती खरं बोलली.

जमिनीच्या हक्कसोडीवर मी सही केली तेव्हा तुम्ही दोघांनी साडी नेसवलीत, सगळे म्हणाले, अक्काचं मन मोठं. मन कसलं मोठं! सही करताना मला वाटलं होतं, जमीन सोडली म्हणजे मायही सुटली. आता कुणी मला विचारणार नाही. पाळीचा कागद लिहिला त्यात माझं नाव घातलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाही. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात, ते मला फार सोयीचं पडलं. एकतीस वेळा माय माझ्या ओट्यावर बसली. एकदाही मी म्हटलं नाही, माय, आजच्या दिवस राहा.

आणि वर लिहिलंय ना, दुपारी मी तिला आत घेतलं? मी नाही घेतलं. अडीच वाजेपर्यंत ती पत्र्याखाली खुर्चीत होती. पाणी दिलं, पंखा बाहेर लावला, ओला रुमाल डोक्यावर ठेवला. सगळं केलं, आत नाही आणलं. मला वाटत होतं, एकदा उंबरा ओलांडला की ती माझी झाली. तिला खुर्चीतच लघवी झाली. ती मला म्हणाली, "माफ कर वं बाई, तुना ओटा नासाडा." मी तशीच उभी राहिले. तुझे दाजी आतून आले, दम लागलेला असताना तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

आता तुझ्यावर काय रागावू मी? रागावते आहे, ते सोडणार नाही. पण मी तुझ्यापेक्षा वेगळी नाही, हे माहीत असून रागावते आहे.

तर जुना कागद फाडला. आता ऐक. माय हलणार नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला दर महिन्याला गाडीत घालून चाळीस-चाळीस किलोमीटर नेणं बंद. ती इथेच राहील, आणि पाळी तुमची लागेल. पंधरवड्यातले चार दिवस तू यायचं, चार दिवस रुपचंदने. बायकांना पाठवायचं नाही, त्यांचं करून झालं. धुरपदाबाईचा पगार आणि औषधं तिघांत, मीही माझा वाटा घालणार. रुपचंदला हेच लिहिलं आहे. त्याने फोनवर पहिलं काय विचारलं असेल? "अक्का, पंधरवडा शुद्ध की वद्य?" मी म्हटलं, मेल्या, ये आधी.

निज ज्येष्ठाची वाट पाहू नकोस. या शनिवारी ये. गाडी न्यायला आणायची नाही, राहायला यायचं. दोन लुंग्या घेऊन ये, पॅन्टने तिच्या अंथरुणाशी बसता येत नाही. तिला उचलताना काखेत हात घालायचे नाहीत, तिला दुखतं. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि आधी सांगायचं, "माय, उचलतो." सांगितलं नाही तर ती घाबरते आणि अंग ताठ करते. मला हे आठव्या दिवशी जमलं. तुलाही लगेच जमणार नाही. चुकलास तरी ती काही म्हणत नाही, त्याचाच त्रास होतो.

माझ्या हातात आता पहिल्यासारखी ताकद राहिली नाही, हितू. मी एकटी तिला पाडीन.

शनिवारी. सकाळच्या गाडीने.

अक्का